रालुकाची सहा मीटर रिबन

मित्रांनो, मला जुनी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी पूर्ण उलगडून बघा. नुसतं टोक बघून मत देणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. मी साटीनची रिबन आहे. केसांना बांधायची नव्हे, जिम्नॅस्टिक्सची. सुरुवातीला शेंदरी आणि पुढे फिकट होत होत शेवटी पिवळी. सध्या माझा मुक्काम डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागात, सुमेधाताईंच्या हॉट प्रेसमध्ये असतो. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट. इथे टॉवेल-चादरी त्यात उबेला ठेवतात. शेजार चांगला आहे, आणि दिवसभर मराठी कानावर पडतं. म्हणून तर तुमच्याशी मराठीत बोलतेय. एरवी माझी भाषा रोमानियन.

माझा जन्म रोमानियातल्या बाकाऊ शहराचा. तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर सहा बायका जिम्नॅस्टिक्सच्या रिबनी करायच्या. मला रंगवणाऱ्या बाईंचा हात वयामुळे थरथरायचा, पण त्यांनी माझ्यावर एक डाग पडू दिला नाही. शेंदरीचा पिवळा नेमका कुठे होतो, ते आजही कुणाला बोट ठेवून सांगता येणार नाही. एका टोकाला कापड दुहेरी करून त्यांनी कडी बसवली, कडीला पांढरी काठी लावली, आणि मी दुकानात गेले. दुकानात मला सगळ्यात वरच्या खणात ठेवलं. वरचा खण सहा मीटरवाल्यांचा. माझ्यात थोडा तोरा आहे तो तेव्हापासूनचा, मी काही लपवत नाही.

एके दिवशी दुपारी एक बाई दुकानात आल्या. त्यांचे डोळे लाल होते आणि हाताशी दहा वर्षांची मुलगी होती. बाईंचं नाव दोइना, मुलीचं रालुका. दोघी जिम्नॅस्टिक्सच्या शाळेतून तडक आल्या होत्या. तिथल्या शिक्षिकेने रालुकाची पाठ वाकवून पाहिली, पाय मोजले आणि सगळ्या मुलींदेखत सांगून टाकलं, “हिची पाठ कडक आहे. ज्युनियरपर्यंत कशीबशी जाईल. सिनियर कधीच होणार नाही. जागा अडवू नका, घरी न्या.”

मित्रांनो, आमच्या खेळात ज्युनियर मुलींची रिबन पाच मीटरची असते आणि सिनियर मुलींची सहा. कमी झालेली चालत नाही. दोइनाबाईंना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, “तुमच्याकडे सगळ्यात लांब कुठली?”

त्याने मला खाली काढलं. “पण मुलीचं वय काय?”

“दहा.”

“मग ही सहा वर्षांनी लागेल, बाई.”

“मग सहा वर्षांनी वापरेल,” दोइनाबाई म्हणाल्या, आणि मला पिशवीत घातलं.

असा माझा थाट! वाटलं, आता मी हवेत उडणार. कसलं काय! महिन्याभरात मायलेकी आयर्लंडला आल्या आणि मी बुटांच्या खोक्यात पलंगाखाली गेले. दोइनाबाई बॉल्सब्रिजच्या एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला लागल्या. रालुका क्लोनडॉकिनच्या शाळेत जायला लागली. मी सहा वर्षं खोक्यात पडून. कुणी झाकण उघडायचं नाही की विचारपूस करायची नाही. अगदी राग राग यायचा.

पण कान उघडे होते. खोक्यातूनही मला कळत होतं, की रालुकाने खेळ सोडलेला नाही. शिवॉन नावाच्या आयरिश बाई आठवड्यातून तीनदा शाळेचा हॉल घेऊन मुलींना शिकवायच्या. गोऱ्यापान, मोठ्या आवाजाच्या, सगळ्यांना “यू आर ग्रँड” म्हणणाऱ्या. सगळं ठीक असलं तरी ग्रँड आणि नसलं तरी ग्रँड. हॉलचं छत बुटकं. फेकलेला चेंडू दिव्याला लागायचा. रालुकाकडे तेव्हा पाच मीटरची निळी रिबन होती. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बिचारी बास्केटबॉलच्या रिंगमध्ये अडकून फाटली.

रालुका सोळा वर्षांची झाली त्या सकाळी दोइनाबाईंनी खोकं बाहेर ओढलं. मला लेकीच्या हातात दिलं. रालुकाने मला उलगडलं तेव्हा मी खोलीभर पसरले, दारातून बाहेर गेले आणि दोन पायऱ्याही उतरले. पोरगी हसली आणि मग रडली. मी सहा वर्षांचा राग तिथल्या तिथे विसरले.

मग सुरू झाले कामाचे दिवस, आणि काय दिवस होते ते! बुटक्या छताखाली मला उंच फेकता येईना, म्हणून शिवॉनबाईंनी नामी युक्ती काढली. रविवारी सकाळी क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमध्ये गाड्या नसतात. त्या रिकाम्या पार्किंगमध्ये रालुका मला आभाळात फेकायची. आयर्लंडचा वारा तुम्हाला माहीत नाही. तो मला कधी कुंपणावर नेऊन टाकायचा, कधी विजेच्या खांबाला गुंडाळायचा. एकदा तर मी एका ट्रकवर जाऊन बसले. पोरगी प्रत्येक वेळी धावत यायची, मला सोडवायची, पुन्हा फेकायची. चार महिन्यांत तिचा हात असा बसला, की वारा कुठे वळणार हे तिला माझ्या आधी कळायला लागलं. कडक म्हणवलेली पाठ अशी वाकायची, की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. मला विचाराल तर तशी मुलगी मी पाहिली नाही, आणि माझं मत पक्षपाती असेल तर असू दे.

शेजारचं घर सुमेधाताईंचं. त्या आणि त्यांचे यजमान विक्रांत, दोघेही चेरीवूडला सॉफ्टवेअर कंपनीत. एम फिफ्टी महामार्गावरच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत सहा वाजायचे. तोवर त्यांची आठ वर्षांची रेवा रालुकापाशी असायची. सुमेधाताईंना कपड्यांना इस्त्री करायची भारी हौस. माझ्यासारख्या रिबनीला स्पर्धेआधी इस्त्री लागतेच, एक घडी राहिली तरी हवेत गाठ पडते. म्हणून प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी रालुका मला त्यांच्याकडे आणून द्यायची. ताई वर मलमल टाकून मला इस्त्री करायच्या, गुंडाळून पिशवीत ठेवायच्या. पिशवी उघडायची ती थेट स्पर्धेत, मोजणीच्या टेबलावर. तोवर सरावाला निळीचं उरलेलं कापड चालायचं. हा आमचा नेम होता, आणि तो कधी मोडला नव्हता.

आता मुख्य गोष्ट ऐका. त्या वर्षी जूनमध्ये डब्लिनला एक मोठी खुली स्पर्धा होती. रोमानियाच्या संघाच्या एक प्रशिक्षक बाई, परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुली बघायला तिथे येणार होत्या. रालुकाला त्यांचं पत्र आलं होतं. पहिल्या तिघींत आलीस तर बुखारेस्टला संघाच्या निवड चाचणीला ये, नाही आलीस तर शुभेच्छा. पत्र एवढंच. दोइनाबाईंनी ते फ्रिजला चिकटवलं होतं. ज्या देशाने घरी न्या म्हटलं, तोच आता दार किलकिलं करत होता. रालुका आत जाणार की नाही, हे एका शनिवारी ठरणार होतं.

त्याच महिन्यात विक्रांतचे वडील, नंदकुमार आजोबा, तीन महिन्यांसाठी आले होते. जयसिंगपूरला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. चाळीस वर्षं गावातल्या पोराटोरांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. इथे मास्तरांना करमेना. घरात शिवायला काही नाही, बोलायला कुणी नाही. रेवाला मराठी सगळं समजतं पण ती उत्तर देते इंग्रजीत, आणि तेही अस्सल आयरिश हेल काढून. मास्तर दिवसभर मागच्या खिडकीत बसून अंगणातला रालुकाचा सराव बघायचे. निळीचं कापड तेवढं आखूड, म्हणून कधीकधी ती मलाच अंगणात घ्यायची. जागा कमी पडली की मी तिच्या पायात अडकायचे. मास्तर कळवळायचे.

“रेवा, ही फीत पोरीपरास लई लांब हाय गं. बघ की, पायात येती. पडंल ना एक दिवस.”

“इट्स सपोज्ड टू बी लाँग, आजोबा,” रेवा टॅबवरून मान न उचलता म्हणायची. मास्तरांना त्यातलं ‘आजोबा’ तेवढं कळायचं.

शुक्रवारी संध्याकाळी सुमेधाताईंनी मला इस्त्री केली, टेबलावर ठेवलं आणि रेवाला पोहण्याच्या क्लासहून आणायला गेल्या. मास्तर टेबलापाशी आले. मला हातात घेतलं, अंगठ्याने साटीन पारखलं, मान डोलावली. माझ्या पिवळ्या टोकाचे दोन-तीन धागे सुटले होते, ते त्यांना दिसले. आणि मग त्यांनी सुईदोरा काढला.

मित्रांनो, चाळीस वर्षं गणवेश शिवलेल्या शिंप्याला काय दिसणार? लहान पोरगी आणि लांब कपडा. त्यांनी तेच केलं जे गावातल्या प्रत्येक पोरीच्या परकराला केलं होतं. टोक चांगलं वीतभर आत दुमडलं आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. टाके असे सुबक, की उजेडात धरल्याशिवाय दिसू नयेत. “आता न्हाई अडकायची,” ते माझ्याशीच बोलले, आणि मला होते तशी गुंडाळून पिशवीत ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही मोठं काम केलं असं त्यांना वाटलंच नाही. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. पण रिबनीला तोंड नसतं.

शनिवारी आम्ही सगळे स्पर्धेला गेलो. केवढा हॉल, केवढं उंच छत! प्रेक्षकांत दोइनाबाई, सुमेधाताई, रेवा आणि कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले मास्तर. रालुकाने हूप म्हणजे मोठं कडं केलं, चेंडू केला, लहान मुद्गलांसारखे क्लब केले. तिन्ही मिळून ती चौथी होती, तिसरीच्या तीन दशांश गुण मागे. उरलं होतं फक्त माझं काम. शिवॉनबाई तिच्या कानात म्हणाल्या, “रिबन तुझी आहे. यू आर ग्रँड.” तिसरी मुलगी रिबनमध्ये कच्ची आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

मोजणीचं टेबल आतल्या मार्गिकेत होतं. तिथल्या माणसाने मला उलगडलं, टेप लावली, भुवया वर केल्या, पुन्हा टेप लावली.

“पाच मीटर अठ्ठ्याहत्तर,” तो म्हणाला. “ही चालणार नाही. वापरलीस तर गुण जातील.”

रालुकाचा चेहरा पांढराफटक पडला. “सहा आहे,” ती म्हणाली. “सहाच आहे. माझ्या आईने घेतलीय.”

“वीस मिनिटं आहेत. दुसरी असेल तर आण.”

दुसरी नव्हती. शिवॉनबाई धावत गेल्या आणि कॉर्क शहरातल्या एका मुलीची रिबन मागून घेऊन आल्या. मुलगी मनाची मोठी, लगेच दिली. रालुकाने ती दोनदा फिरवली आणि हात खाली टाकला. काठी जड, कापड हलकं. चार महिने वाऱ्यात माझ्याबरोबर घासलेला हात परक्या रिबनीला वीस मिनिटांत कसा ओळखणार? मला खरं सांगायचं तर त्या क्षणी अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. इथे पोरीचं नशीब टांगलेलं, आणि मला माझं पडलेलं.

शिवॉनबाईंची धावपळ वरून बघून, दोइनाबाईंना जागेवरच बसवून, सुमेधाताई, रेवा आणि मास्तर खाली आले. सुमेधाताईंनी माझं टोक हातात घेतलं आणि टाके बघितले. असे टाके त्यांनी विक्रांतच्या प्रत्येक पँटला बघितले होते.

“बाबा,” त्या हळूच म्हणाल्या, “हे तुम्ही केलंत?”

“व्हय. पोरीच्या पायात येत हुती म्हणून.” मास्तर अजून हसतमुख होते. “का? बरं न्हाई झालं?”

“बाबा, हिला माप असतं. सहा मीटरच लागते. आता हिचे गुण जाणार. हिचं सिलेक्शन जाणार!”

मास्तरांचं हसू विरलं. त्यांनी रालुकाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, तोंड गुडघ्यात. रडत नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं.

“चाळीस वर्षं लोकांची कापडं शिवली,” ते म्हणाले. “एकाचं वाटोळं केलं न्हाई. आज या लेकराचं केलं.”

“आजोबा,” रेवाने त्यांचा हात ओढला, “डिड यू कट इट?” आणि मग, आजोबांना कळावं म्हणून, आयुष्यात क्वचित काढते तसं मराठी काढलं. “कापली का? कापली?”

मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं जसं तिने काही अभद्र विचारलं असावं. “कापीन कशाला? वाढत्या पोरीचं कापड कुणी कापतं व्हय? आत माया ठेवलीया, वीतभर. पोरगी वाढली की उसवायचं!”

शिंपी लोक मुलांच्या कपड्यांत जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, त्याला ते माया म्हणतात. पोर उंच झालं की टाके उसवून कपडा लांब करायचा. मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही पोराचं कापड कापून टाकलं नव्हतं, आणि माझंही टाकलं नव्हतं. सगळं आत होतं.

रेवाने इंग्रजीत ओरडून हे सांगितलं तेव्हा रालुकाची मान झटकन वर आली.

मग काय धांदल उडाली म्हणता! कात्री आत न्यायला बंदी. मास्तर म्हणाले, काहीतरी टोकदार द्या. रालुकाने अंबाड्यातली पिन ओढून काढली. मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि माझा एकेक टाका उचलायला लागले. कापडाला ओढ न देता, साटीनचा एक तंतू न तुटू देता. सुमेधाताई मला ताणून धरत होत्या. शिवॉनबाई घड्याळ बघत मिनिटं मोजत होत्या, आणि त्यांना एकदाही ‘ग्रँड’ सुचलं नाही. शेवटचा टाका निघाला तेव्हा आठ मिनिटं उरली होती.

पण घडीचा वळ तसाच होता. त्या वळासकट हवेत गेले असते तर गाठ ठरलेली. कॉर्कची ती मुलगी अजून तिथेच होती. तिने आपल्या बॅगेतून केस सरळ करायचा स्ट्रेटनर काढला आणि भिंतीतल्या सॉकेटला लावला. सुमेधाताईंनी पर्समधला सुती रुमाल माझ्यावर घातला आणि इस्त्री कशी करतात ते सगळ्या मार्गिकेला दाखवलं. मास्तर मला गुंडाळणार होते, पण त्यांनी हात मागे घेतला. रालुकानेच मला गुंडाळलं.

टेबलावरच्या माणसाने टेप लावली. “सहा मीटर एक सेंटिमीटर,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल बढाई मारायची मला परवानगी द्या. रालुका मैदानात उभी राहिली. अंबाड्यातून एक बट सुटलेली, कारण पिन बाहेर राहिली होती. संगीत सुरू झालं आणि मी उठले. मी वेटोळी झाले, सळसळले, तिच्या डोक्यावरून कमान झाले. इतके महिने छताने अडवलेली आणि वाऱ्याने पळवलेली मी पहिल्यांदाच एवढ्या मोकळ्या, शांत हवेत होते. मध्यावर तिने मला फेकलं. किती उंच म्हणून सांगू! खाली तिने दोन कोलांट्या घेतल्या आणि वर न बघता हात मागे केला. काठी तिच्या तळहातात येऊन बसली. प्रेक्षकांत कुणीतरी किंचाळलं, आणि ते किंचाळणं रोमानियन होतं. एकदाच, शेवटाकडे, सुईच्या भोकांपाशी माझं टोक वळायला लागलं. मी घाबरले. तिला मनगटात कळलं, तिने एक झटका दिला आणि मी सरळ झाले.

गुण यायला एवढा वेळ लागला, की दोइनाबाईंनी तीनदा क्रॉसची खूण केली. मग फलक बदलला. रालुका तिसरी. पाच शतांश गुणांनी.

काय गलका झाला! दोइनाबाई पायऱ्या उतरून धावत आल्या. शिवॉनबाई आता प्रत्येकाला ग्रँड म्हणत सुटल्या. एकटे मास्तर दिसेनात. ते बाहेर गाडीपाशी जाऊन उभे होते.

बुखारेस्टच्या प्रशिक्षक बाई खाली आल्या. त्यांनी रालुकाशी हात मिळवला, आणि मग माझं टोक बोटांत धरून ती भोकांची ओळ बघितली. “हे काय? इतक्या महत्त्वाच्या दिवशी रिबन नीट सांभाळता येत नाही?”

माझा तर जीवच गेला. रालुका सांगू शकली असती, शेजारच्या म्हाताऱ्याने घोळ घातला म्हणून. खरंच होतं ते. पण ती म्हणाली, “आमच्याकडे एक शिंपी आहेत. मी वाढेन असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी जागा ठेवली होती.”

बाईंना ते किती कळलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि चाचणीची तारीख लिहून दिली.

रालुका मग मला गळ्यात टाकून धावत गाडीपाशी गेली. मास्तरांना काही बोलायची संधीच दिली नाही. त्यांच्या पायाशी वाकली. नमस्कार करायचं तिला रेवाने शिकवलं होतं, पण नीट नाही, त्यामुळे तिने त्यांचे बूटच पकडले. मास्तर “अगं, अगं” करत राहिले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिले.

सप्टेंबरमध्ये ती बुखारेस्टला गेली. मला घेऊन गेली नाही. भोकांपाशी माझं कापड विरायला लागलं होतं, दुसरी फेक मी सोसली नसती. जायच्या सकाळी तिने मला रेवाकडे दिलं आणि सुमेधाताईंनी इथे, उबेत ठेवलं. वाईट वाटलं का? वाटलं. नवी रिबन कशी असेल, हेही मनात आलं. पण बुटांच्या खोक्यातलं एकटेपण वेगळं आणि काम संपवून विसावणं वेगळं. मी माझं काम केलं होतं.

यंदाच्या जूनमध्ये ती दोन आठवडे घरी आली. मास्तरही पुन्हा आले होते. ती एक नवं जॅकेट घेऊन शेजारी आली. रेवाने मला मुद्दाम बाहेर काढून खुर्चीवर ठेवलं होतं, म्हणून मी सगळं बघितलं. जॅकेटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘रोमानिया’ लिहिलेलं होतं. निवड झालेल्या मुलींना मिळतं ते. बाह्या मात्र बोटांच्या खाली उतरत होत्या.

तिने ते मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. मास्तरांनी ते उलटसुलट केलं, पाठीवरच्या अक्षरांवरून हात फिरवला. सुई ओवलेली होती, तरी टाका घातला नाही. चाळीस वर्षं नजरेने माप घेणारा तो माणूस टेप काढून तिच्यापुढे उभा राहिला.

“रेवा, इचार तिला. बाही किती आत घिऊ? आत घिऊ का नगं? आन तिथं तसलं चालतं का, तेबी इचार.”

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जपायचं असेल त्याला आधी विचारा. वस्तूला विचारता येत नसेल तर ती वापरणाऱ्याला विचारा. मायेने केलेलं कामही विचारून केलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मास्तरांना हे सत्तराव्या वर्षी कळलं आणि त्यांनी ते कमीपणा न मानता उचललं, म्हणून मला त्यांचाही तेवढाच अभिमान आहे.

रेवाने विचारलं. रालुकाने जॅकेट अंगात घातलं, दोन्ही हात मास्तरांपुढे लांब केले आणि एवढ्या वर्षांत शेजारून उचललेल्या मराठीत म्हणाली, “आजोबा, तुम्ही ठरवा.”